माशाचा नकार

पावसाचा जोर ओसरतो, तळी काठोकाठ भरतात आणि वसईच्या वाड्यावाड्यांतून गळ टाकणारी मुले बाहेर पडू लागतात. त्यांतील निम्मी तरी नवशिकी असतात. हाती बांबूची काठी, तिला बांधलेला तंगूस, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे, एवढी सामग्री घेऊन ती मोठ्या उत्साहाने निघतात आणि दिवेलागणीस रिकाम्या पिशवीनिशी परततात. दोन-चार रविवार असे गेले म्हणजे त्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : "फादर, आम्हांलाच मासा का लागत नाही?"

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. त्याचे उत्तर शेजारच्या एखाद्या मुरलेल्या गळकऱ्याने द्यावे, त्यावर त्रैमासिकाची पाने कशास खर्ची घालावी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु आम्हांस हा प्रश्न नीतिशास्त्राच्या उंबरठ्यावरचा वाटतो. "मला का मिळत नाही?" असे जो विचारतो, त्याच्या मनात "मला मिळावयास हवे होते" हे गृहीत असते. हे गृहीत कोठून आले? सकाळभर काठावर बसल्याने मासा आपला होतो काय? आणि तो सरळ मार्गाने मिळत नाही, म्हणून तो मिळविण्याचा कोणताही मार्ग आपणांस मोकळा होतो काय? नवशिक्याच्या अपयशात हे दोन्ही प्रश्न दडलेले आहेत. त्याला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी प्रथम सांगू आणि त्या गोष्टींच्या आधारानेच ह्या प्रश्नांकडे वळू.

पाणी कोणाचे?

पहिली सूचना गळाविषयी नाही, पाण्याविषयी आहे. काठी टाकण्यापूर्वी तळे कोणाचे, हे विचारून घ्यावे. आपल्या भागातील बावखले ही वाडीच्या जीवनाचाच भाग होती. त्यांच्या पाण्यावर रहाट फिरले, केळी आणि पानवेली वाढल्या. उन्हाळ्यात त्यांचा गाळ काढून तो झाडांना खत म्हणून घातला गेला. बावखल खाजगी असेल तर त्याला धनी असतो, सामाईक असेल तर अनेक धनी असतात. मोठ्या सार्वजनिक तलावांची गोष्ट निराळी. तेथे मासेमारीचा ठेका एखाद्या सहकारी संस्थेस दिलेला असू शकतो आणि त्या संस्थेने पैसे मोजून मत्स्यबीज सोडलेले असते.

हे मत्स्यबीज म्हणजे काय, हेही नवशिक्याने समजून घ्यावे. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, परंतु तेथे आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातींचे प्रजनन घडवून आणले, आणि पुढे देशभरच्या तळ्यांना बीजाचा पुरवठा होऊ लागला. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस पाळला जातो. तेव्हा बंदिस्त तळ्यात एखाद्याच्या गळाला रोहू लागला, तर तो मासा बहुधा कोणी तरी तेथे आणून सोडलेला असतो. कोणाचा तरी पैसा आणि कोणाची तरी वाट पाहणे त्याच्या अंगी लागलेले असते.

रोमन कायदेपंडितांनी ह्या बाबतीत एक मार्मिक भेद केला होता. नदी-सागरातील मासा कोणाचाच नसतो. जो धरील त्याचा तो होतो. मोठ्या सरोवरात मोकळा फिरणारा मासाही कोणाच्या ताब्यातला मानला जात नाही. परंतु माणसाने बांधलेल्या हौदात आणून सोडलेला मासा मात्र सोडणाऱ्याच्याच ताब्यात असतो. आपल्या गावची तळी ह्या दोहोंच्या मधली आहेत. म्हणूनच तेथे विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय तो न्यायाचाही भाग आहे. ज्याने विचारले त्याला बहुतेक वेळा होकारच मिळतो. आणि कधी नकार मिळाला, तर तो ऐकून घेण्याची सवय त्याला पुढे फार उपयोगी पडेल.

मासा कसा जगतो?

आता गळाकडे येऊ. नवशिक्याची सर्वसाधारण चूक ही, की तो स्वतःच्या सोयीने बसतो, स्वतःच्या सोयीच्या वेळी येतो आणि आपल्याला जे आमिष सहज मिळाले ते माशालाही आवडेल असे मानतो. माशाच्या बाजूने विचार करावयाचा तर प्रथम त्याचे तोंड पाहावे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली असते. तो तळाचा गाळ उपसतो. झालरीसारखे ओठ असलेला रोहू मधल्या थरात फिरतो. एकाच तळ्यात तीन बिऱ्हाडे तीन मजल्यांवर राहतात, असे म्हणावे. ज्याने गळ नेहमी एकाच खोलीवर सोडला, त्याने तीन दारांपैकी दोन दारे ठोठावलीच नाहीत.

ही खोली अंदाजाने ठरवू नये. तंगुसाच्या टोकाला शिशाचा तुकडा बांधून आधी तळ मोजावा आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा त्या मापाने वरखाली सरकवावा. दुसरे, दोर लांब फेकण्याचा हव्यास सोडावा. नवशिका पुष्कळदा तळ्याच्या मध्यावर नेम धरतो, कारण जे दूर आहे ते मौल्यवान असावे असे त्याला वाटते. परंतु किडे पडतात ते काठावरच्या झाडांखाली, आसरा असतो तो कमळांच्या आणि गवताच्या कडेला. अन्नासाठी मासाही तेथे येतो. नवशिक्याच्या पायांपासून तो कधी कधी दोन हातांवर असतो.

तिसरी गोष्ट वेळेची. तळ्यातील वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात. रात्रभर मात्र त्या आणि इतर सर्व जीव तो वापरीत राहतात. त्यामुळे पहाटे, सूर्योदयाच्या आधी, पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. उन्हाळ्यातील कोंदट पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसतात, तेव्हा नवशिका आनंदतो. वास्तविक ते मासे अन्न मागत नसून श्वास मागत असतात. त्यांच्यापुढे आमिष धरण्यात अर्थ नाही. ऊन थोडे वर आले, पाण्यात पुन्हा जीव आला, म्हणजे ते चरू लागतात. भर दुपारी ते सावलीत वा खोल पाण्यात जातात आणि उन्हे कलल्यावर पुन्हा काठाशी येतात.

चौथी गोष्ट पावलांची. "गळ टाकताना बोलू नये" असे सर्वजण सांगतात. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. परंतु काठावर आपटलेला पाय जमिनीतून थेट पाण्यात पोहोचतो. माशाच्या दोन्ही कुशींवर स्पंदने टिपणारी एक रेषा असते. शिवाय रोहूच्या कुळातील माशांच्या पोटातील वाताशय लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेला असल्याने त्यांना फार चांगले ऐकू येते. तेव्हा हलके बोलले तरी चालेल, परंतु हलके चालावे. पाण्यावर स्वतःची सावली पडू देऊ नये आणि उभे राहण्यापेक्षा बसावे.

राहिला गळ आणि आमिष. नवशिक्याचा गळ बहुधा फार मोठा असतो. मोठ्या आशेचे ते चिन्ह होय. लहान गळाला मोठा मासाही लागतो, मोठ्या गळाला लहान तोंडाचा मासा लागत नाही. रोहू-मृगळांसाठी कणकेची घट्ट गोळी, भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा चांगला. तिलापियाला गांडूळ पुरते. हा परदेशी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता इतक्या पाण्यांत पसरला आहे की नवशिक्याची पहिली भेट पुष्कळदा त्याच्याशीच होते. ज्या जागी गळ टाकावयाचा तेथे आधी थोडा चारा टाकून माशांना त्या जागेची ओळख होऊ द्यावी, आणि मग जागा सारखी बदलू नये. तरंगता तुकडा थरथरला की लगेच हिसका देऊ नये. मासा अजून चाखत असतो. तो तुकडा सरळ खाली गेला किंवा एका बाजूस चालू लागला, म्हणजे मनगटाने हलकेच ओढावे.

ह्यात आम्ही नवे काहीच सांगितलेले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणास काय खाऊ घालावे, गळ कसा टाकावा, ह्याचा विचार त्यात केलेला आहे. १६५३ साली लंडनमध्ये आयझॅक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर प्रसिद्ध केलेला ग्रंथ तर गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपातच आहे. राजा असो की लंडनचा व्यापारी, दोघांनीही आरंभ केला तो माशाच्या खाण्यापिण्याच्या आणि राहण्याच्या सवयींपासून.

कलेचे माप

एवढे सारे पाळूनही एखाद्या दिवशी मासा लागत नाही. तेव्हा काय म्हणावे?

ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रात वैद्यकाचा दाखला देऊन एक महत्त्वाचा विचार मांडला आहे. रोग्याला बरे करणे हे वैद्यकशास्त्राचे काम नव्हे, तर बरे होण्याच्या दिशेने जितके नेता येईल तितके नेणे हे त्याचे काम. कारण जे बरे होणे शक्य नाही अशांचीही उत्तम शुश्रूषा करता येते. काही कला अशा असतात की त्यांत कारागिराने सर्व काही बरोबर केले म्हणजे फळ हाती येतेच. सुताराने नीट जोडलेला पाट पाटच होतो. दुसऱ्या काही कलांत फळ कारागिराच्या एकट्याच्या हाती नसते, कारण तेथे समोर दुसरा कोणी तरी असतो आणि त्याचे स्वतःचे काही चालते. वैद्यासमोर रोग्याची प्रकृती असते, शिक्षकासमोर मूल असते, नावाड्यासमोर वारा असतो. गळ टाकणाऱ्यासमोर मासा असतो.

म्हणून गळकऱ्याचे माप त्याच्या पिशवीवरून घेणे योग्य नाही. गनेसरेत सरोवरावर रात्रभर कष्ट करून रिकाम्या जाळ्यांनिशी परतलेले शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती नवशिके नव्हते. त्यांचे सारे आयुष्य त्या पाण्यावर गेले होते. नवशिक्याने आपल्या चुका शोधाव्यात, सुधाराव्यात. परंतु चुका संपल्या तरी मासा त्याचे देणे लागत नाही, हेही त्याने शिकावे. गळ टाकणे म्हणजे एक प्रकारचे विचारणेच आहे. कोठे विचारावे, केव्हा विचारावे, कोणत्या भाषेत विचारावे, हे वरच्या सूचनांनी कळते. उत्तर मात्र समोरच्याचे असते, आणि ज्याला खरोखर विचारावयाचे आहे त्याने नकारासाठी जागा ठेवलेली असते.

ज्याला नकार देता येत नाही

येथेच मोहाचा उगम होतो. सारखा नकार ऐकून कंटाळलेल्या माणसाला असा मार्ग हवासा वाटतो, की ज्यात विचारण्याची गरजच उरणार नाही. पाण्यात विषारी पूड टाकावी, विजेची तार सोडावी, सुरुंगाची दारू फोडावी. मासे आपोआप पोट वर करून तरंगू लागतात. लहान-मोठा, खाण्याजोगा-टाकाऊ, सर्व एका क्षणात मरतात. ह्या प्रकारांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. विष आणि स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती, आणि आमच्या वाचकांत त्याचे समर्थन करणारा कोणी भेटेल असे आम्हांस वाटत नाही.

खरा कठीण प्रश्न त्याहून सौम्य दिसणाऱ्या एका युक्तीचा आहे. तिच्यात विष नाही, गाजावाजा नाही; साधी काठी आणि साधा गळ आहे. ही युक्ती मरळीची.

मरळ हा आपल्या बावखलांचा जुना रहिवासी. हवेतूनही श्वास घेता येत असल्याने ती चिखलात आणि आटत्या पाण्यातही तग धरते. तिला कोणी बीज म्हणून सोडावे लागत नाही. साचलेल्या पाण्यातच ती आपला वंश वाढविते. पावसाळ्यात मरळीची जोडी काठच्या गवतात जागा साफ करते. तेथे अंडी पाण्यावर तरंगत राहतात. पिले बाहेर आली की ती लालसर केशरी रंगाचा पुंजका करून एकत्र पोहतात, आणि श्वासासाठी वर आली की पाण्यावर बारीक सरी पडल्यासारखे दिसते. त्या पुंजक्याच्या खाली वा बाजूस आईबाप पहारा देत असतात. पुष्कळदा नर तर जागा सोडीतच नाही. जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात.

हे ज्याला ठाऊक आहे, त्याला काठावर दिवस घालविण्याचे कारण उरत नाही. पुंजका शोधावा, त्यात बेडूक किंवा रबरी बेडूक टाकून दोन-तीनदा ओढावा. रक्षण करणारा मासा झेप घालतोच. महिनाभर हात हलवीत परतलेल्या मुलाला कोणी तरी ही युक्ती शिकवितो, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हाती दोन किलोंची मरळ येते. घरी कौतुक होते. "आता तू तयार झालास," असे त्याला सांगितले जाते.

आम्हांस वाटते, त्या दिवशी तो काहीच शिकला नाही. जे थोडे शिकला होता तेही विसरण्याच्या वाटेवर लागला. पेंडीच्या गोळीकडे आलेला रोहू भुकेने येतो; त्याने गोळी चाखली, संशय आला, थुंकली आणि निघून गेला, असे शंभरदा घडते. तो जाऊ शकतो. पिलांवर झेप घालणाऱ्या बेडकासमोर मरळीला जाता येत नाही. त्या क्षणी ती भुकेली नाही, तिला काही हवेही नाही. तिच्यापाशी सोडून न जाण्याची जी एक प्रवृत्ती आहे, तीच तिच्याविरुद्ध वापरली गेली आहे. पहिल्या प्रकारात आपण माशाच्या भुकेशी डाव मांडतो आणि पुष्कळदा हरतो. दुसऱ्या प्रकारात आपण त्याच्या वात्सल्याशी डाव मांडतो आणि जिंकतोच, आणि ही जिंकण्याची खात्रीच आम्हांस खटकते.

आईबाप गेल्यावर त्या केशरी पुंजक्याचे काय होते, हे सांगावयास नको. तळ्यातील इतर मासे ते काम थोड्याच वेळात उरकतात. आणि मरळीचे बीज कोणी विकत आणून त्या बावखलात सोडीत नसल्याने, एका माशाबरोबर पुढच्या काही वर्षांचे मासेही आपण उचललेले असतात.

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात, अनुवाद ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, पक्ष्याच्या घरट्याविषयी एक छोटा नियम आहे. वाटेत घरटे आढळले आणि पिलांवर वा अंड्यांवर आई बसलेली असली, तर पिलांबरोबर आईला धरू नये. तिला जाऊ द्यावे. एवढ्याशा नियमावर यहुदी आचार्यांनी शतकानुशतके विचार केला. बाराव्या शतकातील मायमोनिडीसने त्यात आईच्या वेदनेची दखल पाहिली. अपत्याविषयीची माया बुद्धीतून जन्मत नाही, म्हणून ती माणसाप्रमाणे पशूतही असते, असे त्याचे म्हणणे. तेराव्या शतकातील नाखमानिडीसला मात्र हा नियम पक्ष्यासाठी नसून आपल्यासाठी आहे असे वाटले; माणसाचे मन निर्दय होऊ नये म्हणून तो दिलेला आहे. आम्हांस दोन्ही अर्थ एकमेकांस पूरक वाटतात. आई उडून जाऊ शकत असताही उडत नाही, म्हणूनच ती हाती लागते. माया हीच जिच्या पायातील बेडी झाली, तिला त्या बेडीमुळे धरू नये, एवढाच ह्या नियमाचा आशय आहे. बावखलातल्या मरळीस तो जसाच्या तसा लागू पडतो.

काही आक्षेप

ह्यावर तीन आक्षेप येतील, आणि ते डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की प्रत्येक आमिषात फसवणूक असते. गोळीत गळ लपविलेला आहे हे माशाला कोण सांगते? मग त्याच्या होकार-नकाराची भाषा कशाला? आक्षेप खरा आहे. माशाचा होकार हा माणसाच्या संमतीसारखा नसतो आणि आम्ही तसे म्हणतही नाही. नकाराची जागा ही माशाने मागितलेली सवलत नसून आपण आपल्या हातावर घालून घेतलेली मर्यादा आहे. समोरच्याला निसटण्यास वाव आहे की नाही, ह्यावरून आपण खेळ खेळत आहोत की लूट करीत आहोत, हे ओळखता येते.

दुसरा आक्षेप कोळी बांधवांच्या वतीने येईल. जाळ्यातल्या माशाला नकार देता येतो काय? तेथेही नकाराची जागा आहे. ती जाळ्याच्या आसात आहे. आस पुरेसा मोठा ठेवला की लहान मासा निघून जातो. पावसाळ्यातील बंदीच्या काळात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याच्या जुन्या प्रथेतही ती आहे. शिवाय ज्याची चूल त्या जाळ्यावर पेटते त्याची गरज आणि रविवारच्या छंदाची गरज एकाच तागडीत तोलता येत नाही. छंद जितका मोकळा, तितकी त्याची मर्यादा कडक असावयास हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : माशाला वेदना होत असतील तर गळच मुळी समर्थनीय आहे काय? २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउट माशांच्या तोंडाभोवती इजेची जाणीव टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर काही मासे तळच्या खड्यांवर ओठ घाशीत होते. ह्या जाणिवेला आपल्या अर्थाने वेदना म्हणावे की नाही, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ शिकाऱ्यापेक्षा गळकऱ्याकडे सौम्य दृष्टीने पाहत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनेही धर्मगुरूंना शिकारीचा नाद धरण्यास मनाई केली, गळाचा उल्लेख केला नाही. गळ शांत असतो, मनाला एकाग्र करतो, हे त्यामागचे एक कारण. परंतु ज्याच्या ओठात काटा रुतला आहे त्याला आपल्या मनःशांतीचा काय उपयोग? ह्या युक्तिवादाने आमचे पूर्ण समाधान होत नाही.

म्हणून आम्ही गळाला निष्पाप म्हणत नाही. मासा खाणाऱ्याने मासा धरण्याची किंमत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बरी, एवढेच म्हणतो. ती पाहणाऱ्याने काही नियम पाळावेत. जेवढे खावयाचे तेवढेच धरावे. धरलेला मासा काठावर तडफडत ठेवू नये, लगेच मारावा. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे परत सोडावयाचा मासा फारशी इजा न होता सुटतो. त्याला हात लावण्यापूर्वी हात ओला करावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरतो. आणि पुंजका दिसला की दोर आवरावा.

शेवटी

एखादा मुलगा म्हणेल, "पण फादर, मी सोडली तरी दुसरा कोणी तरी ती मरळ नेणारच." नेईलही. परंतु हा युक्तिवाद आपण आयुष्यात आणखी कोठे कोठे ऐकतो, ह्याचा त्याने विचार करावा. "मी जमीन घेतली नाही तर दुसरा घेईल," "मी चिरीमिरी दिली नाही तर दुसरा देईल." वसईतील अनेक बावखले ह्याच वाक्याच्या आधाराने भरावाखाली गेली आहेत. तेथे आता मरळही नाही आणि तिला सोडून देणाराही कोणी नाही. समोरच्याचा नकार ऐकून घेण्याची सवय ज्याला तळ्याच्या काठी लागली नाही, त्याला ती पुढे बाजारात, कचेरीत आणि घरात लागेल, अशी आशा आम्ही कोणत्या आधारावर करावी?

तेव्हा नवशिक्याला आमचे सांगणे थोडके आहे. तळ्याच्या धन्याला विचारावे. तळ मोजावा, काठाशी टाकावे, लहान गळ वापरावा, हलके चालावे. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवशी त्या दिवशीचे पाणी कसे होते, ऊन किती होते, चारा कोणता टाकला, हे एका वहीत टिपून ठेवावे. पुढच्या रविवारी ते उपयोगी पडेल. मासे पुढेमागे लागू लागतीलच. जो लक्ष देऊन पाहतो त्याला ते लागतात. आणि पावसाळ्यातील एखाद्या दुपारी गवताच्या कडेला बारीक सरी पडल्यासारखे पाणी हलताना दिसले, तर त्याने गळ वर घ्यावा, वाटल्यास थोडा वेळ ती पिले पाहत बसावे, आणि मग उठून तळ्याच्या दुसऱ्या काठाला जावे.